खरखरीचे दोन गुण

खिडकीशी आले की केळीवाले काका आधी उजव्या कानामागे तळवा धरायचे, मी काय बोलतो ते नीट ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "आवाज चार. काचेचा अडथळा हाय, एक कापला." मी वसईच्या पोस्टात परदेशी टपाल घेणाऱ्या खिडकीवर बसायचो. माझ्या आवाजाला एवढे गुण दुसऱ्या कोणी दिलेले नाहीत, घरच्यांनी तर नाहीच.

काकांची वटारला केळीची वाडी होती. पंपाच्या खोलीत एक जुना रेडिओ होता आणि त्यावर रोज सकाळी एका परदेशी केंद्राचा हिंदी कार्यक्रम लागायचा. आपला आवाज इतक्या लांब कसा पोचतो हे त्या केंद्राला बसल्या जागी कळत नसे. म्हणून ते श्रोत्यांनाच विचारत : कसं ऐकू आलं ते पाचपैकी गुण देऊन कळवा. तुम्ही-आम्ही बातम्या ऐकून अंघोळीला जातो. काका दर आठवड्याला रिपोर्ट पाठवायचे. तारीख, वेळ, गुण, आणि मागे खरखर कसली होती तेसुद्धा.

मोटरची खरखर रेडिओत येते म्हणून कार्यक्रमाचा अर्धा तास ते पंप बंद ठेवायचे. केळी तेवढा वेळ तहानलेली. या अर्ध्या तासाबद्दल काकी जे म्हणायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उत्तरादाखल केंद्राकडून रंगीत कार्ड यायचं. तुम्ही आम्हाला ऐकलंत, आभारी आहोत, एवढाच मजकूर. पण काका ते खिडकीवरच दोनदा वाचायचे.

"गावात माज्या बोलन्याकडं कोन लक्ष देत नाय," एकदा म्हणाले. "नि तिथला साहेब मला इचारतो, आमी ऐकू आलो का?"

त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला. मला असं कोणीच विचारत नव्हतं.

पुढे वाडीच्या आसपास इमारती उठल्या. घरोघरी केबल आली, इन्व्हर्टर आले आणि रेडिओत खरखर वाढत गेली. नेमकं तेव्हाच केंद्राचं पत्र आलं. तुमच्या भागासाठीचं प्रसारण चालू ठेवावं की बंद करावं याचा विचार चालू आहे, श्रोत्यांच्या रिपोर्टांवरून ठरवू.

"सरळ पाच लिहा," मी म्हणालो.

"पन तसं ऐकू येत नाय."

"त्यांना इतक्या लांबून काय कळणार आहे?"

"त्यांना कळत नाय म्हनून तर मला इचारतात," ते म्हणाले. माझ्याच पेनानं त्यांनी दोन लिहिले आणि पाकीट चिकटवलं. मी सरकारी नोकर असून खोटं लिहायला सांगत होतो आणि हा केळीवाला ऐकत नव्हता. मला मनापासून राग आला.

चार महिन्यांनी पार्सल आलं. अचूक रिपोर्ट पाठवणाऱ्या निवडक श्रोत्यांमध्ये काकांचा नंबर लागला होता. बक्षीस म्हणून लांबची केंद्रं पकडणारा नवाकोरा शॉर्टवेव्ह रेडिओ. सोबत आभाराचं पत्र, की आपल्यासारख्यांच्या प्रामाणिक माहितीमुळे निर्णय सोपा झाला. प्रसारण बंद करत आहोत, यापुढे आम्हाला इंटरनेटवर ऐका.

काकांनी रेडिओ उलटसुलट करून पाहिला. "चांगला हाय," म्हणाले.

मला राहवलं नाही. रविवारी मी त्यांना पापडीतल्या सायबर कॅफेत घेऊन गेलो. कॅफे चालवणाऱ्या ताईंनी केंद्राचं पान उघडलं, पण आवाज येईना.

"प्लेअर अपडेट करावा लागेल."

"बिघडला काय?" काकांनी विचारलं.

"बिघडला नाही काका, जुना झालाय. सारखं करावं लागतं हे."

"माजा रेडिओ तीस वर्सांचा हाय. त्याला कोन कधी बोललं नाय असं."

पडद्यावरची निळी पट्टी वीस मिनिटं सरकत राहिली. मग आवाज आला. खोलीत शेजारी बसून बोलावं इतका स्वच्छ. काकांनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला आणि पूर्ण कार्यक्रम डोळे मिटून ऐकला. मग खिशातून कागद काढून त्यांनी तारीख घातली, वेळ घातली, सगळीकडे पाच-पाच गुण भरले आणि विचारलं, "हा कुटं पाठवायचा?"

मी पान वरपासून खालपर्यंत शोधलं. रिपोर्टाचा पत्ता नव्हता. अगदी तळाशी इंग्रजीत एक ओळ होती, ती मी वाचून दाखवली : ऐकू येत नसेल तरच इथं कळवा.

"मग तेच कळवू," मी म्हणालो. "ऐकू येत नाही म्हणून लिहू. निदान उत्तर तरी येईल."

"येतं ना ऐकू," काका म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घालून तो परत खिशात ठेवला.

त्यानंतर मी त्या खिडकीवर सहा वर्षं होतो. ते पुन्हा आले नाहीत.