निळ्या दोऱ्याचा रफू

ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये माझी पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. बरोबरच्या एका सर्जन मित्राचं लग्न ठरलं. "तू किल्ट घालूनच यायचं," तो म्हणाला. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा लोकरी घागरा. बायकोनं चॅरिटी शॉपमधून, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून, एक शोधून आणला, गडद हिरव्या-निळ्या चौकड्यांचा. मला तो असा बसला, की जणू माप घेऊनच शिवला होता.

जून महिना होता. दुपारी चर्चमधून हॉटेलवर आलो. हॉलमध्ये सगळे नाचून घामाघूम झाले होते, पण माझे पाय गुडघ्यांखाली सकाळपासून गार पडले होते. लोकरीचे मोजे असूनही. मी कुणाला बोललो नव्हतो.

मित्राची म्हातारी आत्या बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी जवळ आली.

"हा किल्ट कुठला?"

मी सांगितलं.

"डाव्या पट्ट्याखाली, आतून, निळ्या दोऱ्यानं रफू केलंय. बघ जरा."

मी टॉयलेटमध्ये जाऊन बघितलं. बारीक, नेटका, निळा रफू होता. परत येऊन तिला तसं सांगितलं.

"त्या दिवशी हिरवा दोरा मिळाला नाही," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या भावाचा आहे हा. यातच पुरलं त्याला. बकल मी लावलं होतं."

मी डॉक्टरी समजूत काढू लागलो, अंत्यविधीवाल्यांनी काढून घेतला असेल वगैरे.

"पेटीचे स्क्रू बसेपर्यंत मी तिथेच होते," ती शांतपणे म्हणाली. मग वाकून हळूच विचारलं, "पाय गार पडलेत का?"

गाडीत पँट ठेवली होती, ती घालून आलो आणि किल्ट तिच्या हातात दिला. तिनं एकेक चुणी बसवत घडी घातली आणि जेवण होईपर्यंत तो मांडीवर धरून बसली. परतताना गाडीत बायको म्हणाली, "अहो, जूनमध्ये हीटर कशाला लावलाय?" मी पुढे होऊन आणखी वाढवला. पायांत ऊब आली ती थेट सोमवारी, वॉर्डात राऊंड घेताना.

हनीमूनहून आल्यावर मित्र म्हणाला, "आत्या हल्ली दुपारी चहाचे दोन कप मांडते. कुणाशी तरी बोलत बसते."

"काळजी वाटते?" मी विचारलं.

"कशी वाटणार? इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नाही."