त्याने हंडा उलटा केला

माझ्या आईने विहिरीवरून आणलेला भरला हंडा त्या गोऱ्या पत्रकाराने आमच्याच अंगणात उलटा केला. शेवटचा थेंब गळेपर्यंत तसाच धरला. मग मला इंग्रजीत म्हणाला, "आता हिला हा घेऊन चालायला सांग. रिकामा."

त्याला तहानेची बातमी हवी होती. शहापूरची धरणं मुंबईला पाणी पाजतात आणि आमच्या बाया उन्हाळाभर पाण्यासाठी दरीत उतरतात. खरंच आहे ते. जगाला कळू दे म्हणून तर मी त्याला माझ्या गावात आणलं. आटगाव स्टेशनावर उतरलेल्या अशा कित्येक परदेशी पत्रकारांची मी दुभाषी झालेय. त्यांचं बोलणं इकडे, आमचं तिकडे.

बायांना मी एवढंच सांगितलं होतं, हंडे घेऊन या. त्या भरून घेऊन आल्या. पाव्हण्यासमोर रिकामा हंडा घेऊन कोण जातं? अपशकुन तो. घरात प्यायला नसलं तरी पाव्हण्याला भरलाच सामोरा न्यायचा. दरी चढून आणलेलं ते पाणी त्याच्या मानासाठी होतं.

आई ओल्या मातीकडे बघत राहिली. "त्याला इचार गो, पानी का वतलं?"

मी विचारलं. तो हसला. "प्रश्न विचारणं तुझं काम नाही. माझं बोलणं तिकडे पोचव, बस."

माझ्या आईसमोर. माझ्या दारात. तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याने कॅमेरा सुरू केला. "विचार हिला, तहान लागली की काय वाटतं?" तो प्रश्न मी पुढे पोचवलाच नाही. आई मात्र सुटली. हातवारे करून, पदर खोचून बोलत राहिली. तो घायकुतीला आला.

"काय म्हणतेय ती?"

"आधी हंडा भरून आण. मग सांगते."

गाडी होती, कॅमेरा होता, ऐट होती. आईचा शब्द मात्र माझ्याशिवाय मिळणार नव्हता. हंडा उचलून दरीत उतरला. वर आला तेव्हा गुडघे सोललेले, अर्धं पाणी वाटेत सांडलेलं. बघून माझ्या जिवाला गार वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग सांगितलं. आईची एकेक शिवी, जशीच्या तशी, त्याच्या भाषेत. "मुडदा बशिवला तुझा. तुझ्या आयचं पानी असं कोनी वतलं असतं, तर तू त्याला सोडला असतास काय रे?"

त्याचं तोंड लालबुंद झालं. कॅमेरा आवरत म्हणाला, "तुला यापुढे कोणी काम देणार नाही."

नाही दिलं तर नाही. शहापूरपासून वैशाखऱ्यापर्यंत पाड्यापाड्यांवर मी त्याचा फोटो दाखवून आलेय. पुढच्या उन्हाळ्यात तो दुसरा दुभाषी घेऊन येईल. येऊ दे. एकही बाई तोंड उघडणार नाही. हात हलवत परत जाईल, तेव्हा मी लिहिलेली बातमी त्याच्या देशात पोचलेली असेल. कोणी, कुठे, काय केलं, सगळं. त्याच्या शेजाऱ्यांना समजेल अशा भाषेत.

मी त्याला सोडणार नाही.