कंट्रोल ग्रुप का हलेना

“म्हणजे फ्लोराइडचा काही उपयोग नाही, असंच ना?” मॅडमनी ग्राफ माझ्यापुढे सरकवला. सगळ्या रेषा खाली, एकाच पातळीवर झोपल्या होत्या.

नाशिकच्या एका डेंटल कॉलेजात माझं एमडीएस चालू होतं आणि मॅडम माझ्या गाइड होत्या. सोमवारी रिव्ह्यू कमिटी होती.

“विषय बदल,” त्या म्हणाल्या. “सिरॅमिक क्राउनचा एक सोपा विषय आहे माझ्याकडे.”

विषय बदलला की केलेलं सगळं काम वाया. शिवाय हा विषय मी हट्टाने घेतला होता. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात दात भरून आणला की दोन-तीन वर्षांत फिलिंग निघून यायचं, आणि लोक डॉक्टरला शिव्या द्यायचे. ते का निघतं, हे मला बघायचं होतं.

दाताच्या पांढऱ्या कवचाखाली डेंटिन असतं. त्यात खनिज असतं आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. स्लॅबमध्ये सळया असतात तसे. आम्लाने खनिज गेलं की धागे उघडे पडतात. मग दातातलीच काही एन्झाइम्स जागी होऊन ते धागे तोडू लागतात. फिलिंग ज्याला धरून बसतं तो आधारच जातो. फ्लोराइड आपण खनिज टिकवायला वापरतो. ते या एन्झाइम्सनाही अडवतं का, हा माझा प्रश्न.

त्यासाठी मी काढलेल्या दातांचे पातळ तुकडे केले, त्यातलं खनिज काढलं आणि ते तुकडे कृत्रिम लाळेत शरीराच्या तापमानाला ठेवले. काही तुकड्यांना फ्लोराइड दिलं, काहींना काहीच नाही. काहीच न दिलेल्यांना कंट्रोल ग्रुप म्हणतात. शेवटी कोणाचं कोलॅजन किती गळलं ते मोजायचं.

मी ग्राफ पुन्हा पाहिला. “मॅडम, पण कंट्रोलसुद्धा गळलेला नाही.”

“मग?”

“तो तर गळायलाच हवा होता. चोर आलाच नाही, तर कुलूप चांगलं की वाईट कसं कळणार?”

मॅडमनी चष्मा काढला. “बरं. चोर कुठे गेला ते शोध. सोमवारपर्यंत.”

रसायनं मी स्वतः बनवली होती, तापमान रोज बघत होते. माझ्या हाताबाहेरची एकच गोष्ट होती, ती म्हणजे दात. ते पेशंटची संमती घेऊन बाहेरच्या क्लिनिकमधून यायचे. सर्वांत जास्त मनमाडच्या गांगुर्डे सरांकडून. त्यांना फोन लावला.

“सर, दात कशात ठेवले होते?”

“फॉर्मॅलिनमध्ये. एकदम कडक माल. का गं?”

“मी सलाइन सांगितलं होतं, सर.”

“अगं, सलाइनमध्ये वास मारतो. कॉलेजला घाणेरडे दात पाठवू का? वर स्वच्छ धुऊन, पुसून दिले तुला!”

तोंडातली गाठ काढली की ती फॉर्मॅलिनमध्ये टाकायची, हे आम्हा सगळ्यांना कॉलेजातच शिकवतात, म्हणजे ती तपासणीपर्यंत कुजत नाही. हाताला ती सवयच लागते. पण फॉर्मॅलिन एन्झाइम्स मारतं आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधून टाकतं. मला दात पाठवणाऱ्या देवळाली कॅम्पच्या क्लिनिकमध्ये विचारलं, तर तिथेही हेच झालं होतं. सगळ्यांनी अगदी प्रेमाने.

सोमवारी कमिटीपुढे मी तोंड उघडायच्या आत मॅडमच बोलल्या. “हिचा प्रयोग फसलेला नाही. तो अजून झालेलाच नाही.” मला टर्म संपेपर्यंतची मुदत मिळाली. त्या एका वाक्यासाठी मी आयुष्यभर त्यांची ऋणी आहे.

आता दात आणायला मी स्वतः जाऊ लागले. थंड सलाइनच्या बाटल्या, बर्फाचा डबा आणि एसटी. मनमाडहून येताना शेजारच्या बाईंनी डब्याकडे बोट केलं.

“मासे हायेत का पोरी?”

“नाही मावशी, दात आहेत. माणसांचे.”

त्यांनी आपली भाजीची पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

ताज्या दातांचे तुकडे ठरलेल्या मुदतीनंतर बाहेर काढले. कंट्रोलचा पहिलाच तुकडा चिमट्यात तुटला. फ्लोराइडचे तुकडे आकार धरून होते. मोजणीतही तेच आलं. कंट्रोलची रेष चढत गेली, फ्लोराइडची खालीच राहिली. मॅडमनी ग्राफ दोनदा पाहिला, मोजणी त्यांच्यासमोर पुन्हा करायला लावली आणि मग म्हणाल्या, “जा, डिपार्टमेंटला चहा सांग. माझ्याकडून.”

मी जिन्यात जाऊन गावी वडिलांना, आबांना, फोन केला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आबांनी प्रयोग त्यांच्या परीने समजून घेतला होता.

“मंग, गळालं का ते?”

“गळालं आबा! पार तुटलं!”

“लय भारी! माल खराब झाला म्हणून नाचणारं माणूस मी पैल्यांदाच पाह्यलं.”

थिसिस मंजूर झाला. प्रयोगाच्या बरणीत जे घडतं ते तोंडात जसंच्या तसं घडत नाही, तेही त्यात लिहिलं. आता मीही शिकवते. “मॅडम, औषधाचा काही उपयोग नाही,” असं कोणी सांगत आलं, की मी आधी विचारते, “ज्याला औषध दिलं नाही, तो आजारी तरी पडला होता का?”