चार बाटल्या आणि एक टोप

मी आयुष्यात पहिल्यांदा घरात दारू आणली ती अभ्यासासाठी. हे वाक्य त्या रविवारी मी अकरा वेळा उच्चारलं आणि एकदाही कोणाला पटलं नाही. (अकराव्या वेळी तर मलाही पटलं नाही.)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे नक्की काय, हे मला आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. ती चाळीत सांगते, "झील कॅन्टीनचा शिकता." शेवटच्या वर्षाला वाइन हा विषय सक्तीचा, आणि कॉलेजच्या आवारात दारूला सक्त मनाई! म्हणून सबनीस मॅडमनी एकवीस पूर्ण झालेल्यांच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार बाटल्या दिल्या. वर नुसते आकडे : एक, दोन, तीन, चार.

"सगळ्या पाचशेच्या आतल्या रेड वाइन आहेत," मॅडम म्हणाल्या. "कागद काढायचा नाही. चव घ्या, थुंका, प्रत्येकाने आपापला तक्ता भरा. जे लागेल तेच लिहा."

मागच्या सत्रात मी याच विषयात आपटलो होतो. वाइनचा वास कसा होता, असा प्रश्न होता. मी लिहिलं होतं, "वाइनसारखा." याही वेळी नापास झालो असतो तर नोकरीच्या मुलाखतींच्या यादीतून नाव कटणार होतं. आणि बाबांनी तर ते कामाला जातात त्या शिवडीच्या गोण्यांच्या गोदामात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोरगा जूनपासून कामाला लागतोय!

माझा जोडीदार कौस्तुभ. त्याच्या फणसवाडीतल्या घरी लसूणसुद्धा लपतछपत येतो.

"तुझ्याकडेच करू रे सच्या. तुम्ही मालवणी, तुमच्याकडे चालत असेल."

"माझे बाबा माळकरी आहेत."

"मग तर बेस्ट! कोणाला डाउट येणार नाही."

रविवारी आई-बाबा लालबागला हळदीला गेले आणि भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत मी चार बाटल्या ओळीने मांडल्या. घरात फक्त तात्या होते. तात्या म्हणजे बाबांचे काका, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आलेले. एका डोळ्यावर पट्टी. ते झोपलेत असं मी धरून चाललो होतो. पण चार बाटल्या दिसायला एक डोळा पुरतो.

"ह्या काय हाडलंस रे झिला?"

"तात्या, अभ्यासासाठी..."

"राखणेचा सामान! बरां केलंस रे बाबा!"

गावची शीव सांभाळणाऱ्या देवचाराला वर्षातून एकदा कोंबडा आणि बाटली द्यायची, ती राखण. बाबांनी माळ घातल्यापासून आमच्याकडून ती राहिली होती. आता पुतण्याच्या पोराने स्वतःहून चार बाटल्या आणल्या म्हटल्यावर तात्यांचा उघडा डोळा भरून आला. मी काही बोलायच्या आत ते हात जोडून उभे राहिले आणि गावच्या माळावर घालावं तसं, खड्या आवाजात त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा म्हाराजा! तीन वर्सांची राखण ह्या लेकरान आज तुका दिली, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

कौस्तुभ सभ्य मुलगा. म्हणाला, "हो महाराज."

"व्हय म्हाराजा म्हण, मेल्या!"

पण त्याची गरजच उरली नाही. आमचा मजला सगळा तळकोकणातला. गाऱ्हाणं कानावर पडलं की माणूस अंघोळीतूनही ओ देतो! गॅलरीतली दारं पटापट उघडली आणि पंधरा-वीस गळे एकदम गरजले, "व्हय म्हाराजा!"

"जो कोण मास्तर ह्याका नापास करतलो, त्याची बुद्धी फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" (यात माझाही आवाज होता. खोटं कशाला बोलू?)

खोली माणसांनी भरली. शेजारच्या सुर्वेकाकू कोंबड्याच्या नावाने चार उकडलेली अंडी घेऊन आल्या. मी घाबरत घाबरत एक नंबरची बाटली उघडली, ग्लासात घोटभर ओतली, शिकवल्याप्रमाणे हुंगली, तोंडात घोळवली आणि बादलीत थुंकली.

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणपतीवरच थुंकलो!

"म्हाराजाचो परसाद थुकतंस?" तात्या कडाडले.

"तात्या, याची पद्धतच तशी आहे. अभ्यासासाठी..."

"तुझ्या पद्धतीक घाल चुलीत! कोणी थुकूचा नाय. आणि परसाद येगळो येगळो नसता. सगळो एक करूचो."

आणि मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी चारही बाटल्या आमच्या भाताच्या टोपात उपड्या केल्या. चारही! माझा एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर, माझी मुलाखत, बाबांचा जून महिना, सगळं त्या टोपात गटागटा गेलं आणि वर लाल फेस आला.

तात्यांनी पळीने ज्याच्या-त्याच्या पेल्यात प्रसाद घातला. कौस्तुभचे दोन पेले झाले आणि तो भिंतीला टेकून स्वतःशीच हसायला लागला. मी मात्र तक्ता पुढ्यात घेऊन बसलो. चार रकाने आणि एक टोप! शेवटी माणसं वाटून घेतली. एक नंबर सुर्वेकाकू.

"काकू, कशी लागते?"

"कोकमाच्या सालींचा पाणी जसा काय!"

लिहिलं. दोन नंबर तात्या : "कच्च्या करवंदासारखी. घसो धरता." तीन नंबर समोरचे परबमामा : "भिजलेल्या गोणपाटाचो वास मारता." चार नंबर परबमामी, त्यांनी आधी किंमत विचारली : "पाचशेची? त्यात माझे दोन पापलेट इले असते!" (हे मी 'किमतीच्या मानाने समाधान कमी' असं लिहिलं.)

एवढ्यात दारात आई-बाबा उभे. बाबांनी टोपाकडे पाहिलं, तक्ता उचलला आणि वाचला.

"गोणपाटाचा वास? हे काय माझ्या गोदामाबद्दल लिहिलंयस?"

"मेल्या, शिकूक धाडलंय तुका!" आईने कपाळावर हात मारला.

"अगं, अभ्यासासाठीच..." (अकरावी वेळ.)

सोमवारी मॅडमनी माझा तक्ता फार वेळ वाचला.

"सचिन, काय बारकाईने लिहिलंयस! चारही वाइन इतक्या वेगळ्या लागल्या तुला?"

"हो मॅडम." कान तापले, पण मान हलवली.

"आश्चर्य आहे. कारण चारही बाटल्यांत मी एकच वाइन भरली होती. लागेल ते लिहिता की मनाचं, एवढंच बघायचं होतं."

कौस्तुभच्या तक्त्यावर चार रकान्यांवरून एकच वाकडी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं, "सगळ्या सेम." तो पहिला आला.

चार बाटल्यांत एकच वाइन आहे, एवढंच त्या परीक्षेत ओळखायचं होतं. मी तर ती एकाच टोपातून, एकाच पळीने वाढलेली डोळ्यांनी पाहिली होती! तरीही रात्रभर जागून, तक्ता सुवाच्य अक्षरात, समास सोडून पुन्हा उतरवून, मी नापास झालो.