वेंगुर्ल्याहून शिरोड्याला, सावकाश

बेळगावजवळच्या आमच्या हिंडलग्यावरून जाणारा रस्ता पुढे आंबोलीचा घाट उतरून थेट वेंगुर्ल्याला जातो. तरी आम्ही वर्षातून एकदाच समुद्र बघतो, आणि तोही आप्पांच्या वेगाने. आप्पा, म्हणजे माझे वडील, गाडी अशी हाणतात की जणू समुद्र संध्याकाळी शटर ओढून बंद होणार आहे. "समुद्र! समुद्र! उजवीकडं बघा!" असं ते ओरडतात, आणि आम्ही माना वळवेपर्यंत तिथे कुणाची तरी काजूची बाग आलेली असते.

गेल्या हिवाळ्यात मात्र मला समुद्र बघायचा नव्हता, गाडी चालवायची होती. लायसन्स मिळून वर्ष झालं होतं. त्या वर्षात मी घर ते ऑफिस एवढंच चालवलं, तेही आप्पा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत असताना. वेंगुर्ल्याहून शिरोड्याला जाणारा किनाऱ्याचा रस्ता मी फोनवर कितीदा तरी बघून ठेवला होता. अरुंद, रिकामा, माडांच्या सावलीतला. "घाट उतरला की देतो तुझ्याकडं," असं आप्पा निघताना म्हणाले होते.

घाट उतरला. "आता सावंतवाडी येतीय, गर्दी असती." सावंतवाडी मागे पडली. "वळणं लई हायत." वळणं संपली. "म्हशी." म्हशी खरंच होत्या, पण त्या लांब शेतात बसून रवंथ करत होत्या.

मी मागच्या सीटवर गप्प. मला मागता येत नाही. शाळेत पाणी प्यायला जाऊ का, हे विचारायलासुद्धा मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत बसायची आणि तोवर घंटा व्हायची. शेजारी आत्या होती. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढे बसलेल्या आईला म्हणाली, "वैनी, पोरगी फुगलीया."

"फुगू दे की," आई म्हणाली, "भूक लागली की उतरती."

वेंगुर्ल्यात एका घरगुती खानावळीत जेवायला थांबलो. एक बाई एकटीच रांधत, वाढत होती. इथे आमच्या घरची एक सवय सांगायला हवी. बेळगावात आम्ही घरात, दारात मराठीच बोलतो. पण शिनोळीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात शिरलो, की कन्नड ही आमची गुप्त भाषा होते. साडीच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, जिथे कुठे नावं ठेवायची असतील तिथे ती कन्नडमधून ठेवायची.

त्याप्रमाणे आप्पांनी पहिला घास गिळला आणि कन्नडमधून सुरू केलं. सोलकढी म्हणजे नुसतं रंगीत पाणी. मासा तर काय, बेळगावच्या खडेबाजारातल्या पिशवीवर छापलेला मासा ह्याच्यापेक्षा मोठा असतो. आत्याने हसू दाबत कन्नडमधूनच विचारलं, पोरीला गाडी कधी देणार?

"देतोय कशाला?" आप्पा त्याच भाषेत म्हणाले. "शिरोड्यापर्यंत कायतरी सांगत ऱ्हायचं. परतताना अंधार पडतोय, मग मीच."

शाळेत मी कन्नड शिकलेय, हे आप्पांना माहीत आहे. पण मी बोलत नाही, त्यामुळे मला ऐकू येतं हे ते विसरतात. मी ताटात बघत भात कालवत राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचं, असं मी ठरवलं.

तेवढ्यात आप्पांच्या खांद्याशी बाई येऊन उभी राहिली. हातात माशांचं ताट.

"इन्नू स्वल्प हाकलेन्री?" अजून थोडं वाढू का, असं तिने शुद्ध आमच्याकडच्या कन्नडमधून विचारलं. आप्पांचा हात भातातच राहिला. बाईने पुढचं मराठीत सांगितलं, "माहेर काकतीचं माझं, अण्णा. सोलकढी घट्ट आणू?"

काकती म्हणजे आमच्या बेळगावाला लागूनच. आणि माहेरच्या वाटेवरचा माणूस म्हणजे भाऊ, हा आमच्याकडचा कायदा. भावाला अर्धपोटी उठू देत नाहीत, आणि भावाने बहिणीला नाही म्हणायचं नसतं. त्यातून तिच्या सोलकढीला नावं ठेवलेली असतील तर मुळीच नाही.

"बास, आक्का," आप्पा म्हणाले. मासा पडला.

"खरंच बास." दोन पडले. वर भात, भातावर तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची आमटी. आप्पा घामाघूम होऊन जेवत होते. आत्या तोंडावर पदर धरून भिंतीकडे बघत होती.

"आणि पोरीला फसवतायसा व्हय?" बाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "येती काय गं तुला गाडी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाजले की माझ्या तोंडातून इंग्रजीच येतं.

"येस," मी म्हणाले. आणि ते उत्तर पुरेसं नाही असं वाटून, "प्लीज."

"बगा अण्णा, इंग्लिशमधनं मागायलीया. आता तरी द्या की!"

आप्पांनी शर्टाच्या खिशाकडे हनुवटी केली. हात खरकटा होता, शिवाय उठवतही नव्हतं. किल्ली मीच काढून घेतली. निघताना बाईने कोकमाची पिशवी माझ्याच हातात दिली. "काकतीला माझ्या आईकडं पोचव. सांग, मीच चालवत आणलं म्हणून."

आप्पा माझ्या शेजारी बसले आणि गावाबाहेर पडायच्या आत घोरायला लागले. झोपेतही त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. स्कूटरवरून एक कोळीण पुढे गेली. मग एक सायकलवाले आजोबा काळजीने आत डोकावून पुढे गेले. मोचेमाडजवळ उजवीकडे समुद्र आला, आणि गेलाच नाही.

"अगं बाई," मागून आत्या म्हणाली, "एवढा मोठा हाय व्हय ह्यो!"

आरशात दिसलं, आईने काच खाली करून हनुवटी दारावर टेकली होती.

आप्पा दचकून जागे झाले. त्यांनी बाहेर बघितलं. माड जागच्या जागी होते.

"का थांबलीस गं?"

"थांबले न्हाय, आप्पा," मी म्हणाले. "चालवतीय की."