टाळ्याला अडकलेलं हाड

आई गेल्यावर अप्पा खजुरीहून माझ्याकडे भालकीला राहायला आले, ते कुत्र्याला घेऊनच. "येऊ तर दोघं येऊ, न्हाईतर कुणीच न्हाई," असं त्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. मी शाळेत गेले की दिवसभर घरात ते दोघंच.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी शाळेतून आले, तर फाटकापाशी चार-पाच शेजारी जमलेले. अंगणात कुत्रा मान झटकत गोल गोल फिरत होता. जबडा उघडा तो उघडाच, आणि लाळेच्या तारा छातीपर्यंत लोंबत होत्या.

"बाई, पिसाळलंय ते," शेजारचे काका म्हणाले. त्यांच्या हातात काठी होती. "लेकरं खेळायलेत इथं. कामून वाट बघायची?"

अप्पा काठीच्या आणि कुत्र्याच्या मधे उभे होते. "माझा हाय तो. मी बघतो." त्यांनी त्याला लांबूनच चुचकारत अंगणातल्या रिकाम्या खोलीत नेलं, कडी लावली आणि दाराला पाठ टेकून खाली बसले.

खरं सांगायचं तर मलाही काकांचंच पटत होतं. अप्पांकडे न बघताच मी जनावरांच्या दवाखान्याच्या मोबाइलवर फोन लावला. तिथल्या डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या, वयानं माझी विद्यार्थिनी शोभतील अशा. त्या एका शेतावर अडलेल्या म्हशीपाशी होत्या. बहुधा कंपाउंडरनंच फोन त्यांच्या कानाला धरला असावा.

"तोंडात हात घालू नका. मारूही नका. मी येते."

तासाभरानं त्या आल्या, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या. आधी लशीचं कार्ड मागितलं. अप्पांनी ते पेन्शनच्या कागदांत जपून ठेवलं होतं. मग खोलीत पाण्याचं भांडं सरकवून त्या खिडकीतून बघत राहिल्या. कुत्रा धावत पाण्याकडे आला, तोंड बुडवलं, पण जीभ हलेना. मग पंजानं स्वतःचंच थोबाड ओरबाडू लागला.

"काहीतरी अडकलेलं वाटतंय," त्या हळूच म्हणाल्या. "पण सांभाळूनच बघू. अंजब्याड्री अप्पा, भिऊ नका."

लांब दांड्याच्या फासानं त्याला धरून त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. तो आडवा झाल्यावर हातमोज्यांवर आणखी एक जोड चढवला. कंपाउंडरनं बॅटरी धरली. आम्ही श्वास रोखून दारातच उभे.

"हे बघा!"

वरच्या दाढांच्या मधे, टाळ्याला आडवं, बोटाएवढं हाड रुतून बसलं होतं. चिमट्यानं दोन-तीनदा हलवलं, तसं ते टकदिशी सुटलं. असा घाण वास सुटला की मी पदर नाकाला लावला. अप्पा मात्र हसत होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

काकांनी काठी कधी खाली ठेवली ते कळलं नाही. "माझं चुकलं बगा," एवढंच ते अप्पांना म्हणाले.

डॉक्टरीणबाई नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. मी टॉवेल घेऊन गेले, तरी त्या पुन्हा साबण लावत होत्या.

"मी लस घेतलीय," त्या म्हणाल्या, "तरी भीती वाटतेच, अक्का. अजून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा."

सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. शेंगाची चटणी आणि भाकरी त्यांनी उभ्या उभ्याच खाल्ली, चहा दोनदा मागून घेतला, आणि दुसऱ्या गावचा निरोप आला म्हणून स्कूटर काढली. तोवर कुत्रा उठून लटपटत भांड्यापाशी गेला होता. त्याच्या लपलप पाणी पिण्याचा आवाज अप्पा डोळे मिटून ऐकत होते.

अकराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा स्वतःहून फोन आला. मला वाटलं होतं, एवढ्या म्हशी-बैलांत त्यांना आमचा कुत्रा कुठला आठवतोय. अप्पांनी माझ्या हातातून फोन ओढूनच घेतला.

"व्हय व्हय, झकास हाय! खायलाय, भुंकायलाय. थांबा, तुम्हाला ऐकवतो की!"

आणि त्यांनी फोन कुत्र्याच्या तोंडापुढे धरला. त्यानं फोन हुंगला, चाटला आणि शेपूट हलवत गप्प बसून राहिला.