न उघडलेले चार लेख

छातीत गाठ हाताला लागली तेव्हा मी काय केलं? दवाखान्यात गेले? छे! मोबाईलवर त्याबद्दलचे चार लेख शोधले, पुस्तकं वाचायच्या माझ्या ई-रीडरवर साठवले आणि ‘रविवारी निवांत वाचू’ म्हणून सोडून दिले. असे तीन रविवार गेले. हिंगोलीतल्या शाळेत पोरांना अभ्यासावरून झापणारी मी बाई, पण ते लेख उघडायची माझी हिंमत होईना.

त्याच दिवसांत तिकडे गावी, साखऱ्याला, दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वाचन सुटलं. शुगरनं नजर अधू झाली. रोज सकाळी चहाच्या टपरीवर पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा मान त्यांचा. तोच गेल्यावर ते घराबाहेर पडेनात. मला बघवेना. हळदीवरचे, राजकारणावरचे पंधरा-वीस लेख ई-रीडरवर भरले, अक्षर हरभऱ्याएवढं केलं आणि देऊन आले. माझे चार त्यातच राहिलेत, हे ध्यानातही आलं नाही. येडी कुठली!

दादा पुन्हा टपरीवर जाऊ लागले. एके सकाळी हळदीचा लेख संपला, त्यांनी पुढचा उघडला आणि खणखणीत आवाजात मथळा वाचला, ‘स्तनातील गाठ दुखत नसली तरी’. टपरीवर हशा पिकला. दादांनी घाईनं त्याच्या पुढचा उघडला, तोही तसलाच. मग त्यांनी ई-रीडर पिशवीत घातला, उठले आणि शेतात बसून चारही वाचून काढले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं माझ्या दारात हजर. बाप-लेकीनं असलं काही बोलायची आमच्यात रीतच नाही. मान खाली घालून म्हणाले, “ते चार लेख... तू तुझ्यासाठी ठेवले होते ना?”

मी रडायलाच लागले.

“रडू नको. तू न्हाई वाचले, मी वाचले समदे. लवकर दाखवलं की बरं होतं, असं लिहिलंय. चल, चप्पल घाल.”

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण लहान होती. ऑपरेशन झालं, औषधं झाली आणि आज मी पुन्हा वर्गात उभी आहे. या माणसाचे उपकार मी कुठं फेडू?

परवा मी विचारलंच, “दादा, त्या दिवशी मला विचारताना लाज नाही वाटली?”

“लई वाटली. हिंगोली येईपर्यंत एसटीत नुसता घाम फुटून राहिला होता. पण म्हणलं, लेकरूच न्हाई राहिलं, तर ह्या लाजेचं मी काय करू?”